गोवर्धनभाऊची पट्टी

गोवर्धनभाऊला कुंदन आवडत नव्हता, एवढंच म्हणून कसं भागेल? तो त्याला चक्क पाण्यात पाहत होता. पोराचं नाव निघालं की याच्या तोंडातला घास कडू व्हायचा, आणि नाव तर सारखंच निघायचं. पानठेल्यावर निघायचं, फुलबाजारात निघायचं, आणि घरात तर बायकोच्याच तोंडून निघायचं.

गोवर्धन मूळचा वलगावचा. शेतात शेवंती आणि झेंडू. सकाळी अमरावतीच्या बाजारात फुलांचे ढीग लावून बसायचं आणि शनिवार आला की कीबोर्ड गाडीत टाकून अकोला गाठायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. अकोल्याच्या बाहेर, हायवेला लागून, देवीदासशेठचा गार्डन बार आहे. तिथं शनिवारी संध्याकाळी गाणी व्हायची. गाणारा आणि वाजवणारा गोवर्धन, ऑक्टोपॅडवर शेखर. शेखर म्हणजे अबोल माणूस, हाताला काठ्या दिल्या की तो बोलायचा. बारच्या फाटकावर गोवर्धनचा फोटो होता, हातात माइक धरलेला, केस अजून काळे असतानाचा. बाजारात दिवसभर "काय भाव?" ऐकणाऱ्या माणसाला शनिवारी लोक नावानं हाक मारायचे, "गोवर्धनभाऊ, होऊन जाऊ द्या!" त्या हाकेवर त्याचा आठवडा निघायचा, खोटं कशाला बोला.

आणि या कुंदनला आणलं कोणी? यानंच! मोर्शीकडच्या एका लग्नात संत्रेवाल्याचं हे पोरगं गाताना ऐकलं आणि म्हणाला, चाल बे, शनिवारी माह्यासंग दोन गाणे म्हण. त्या दिवशी याची बुद्धी कुठं शेण खायला गेली होती, देव जाणे. दोनाची चार झाली, चाराची आठ झाली, आणि आता लोक आल्या आल्या विचारायचे, "कुंदन आला का?"

"तुमच्या पोटात काहून दुखून राह्यलं?" वच्छला, त्याची बायको, हार ओवता ओवता म्हणायची. "तुमीच आणलं ना त्याले घरी जेवाले?"

"आणलं तं आणलं! डोक्यावर बसवाले नव्हतं आणलं."

"पण गोड गाते बाप्पा पोट्टा."

झालं! त्या दिवशी गोवर्धननं दुसरी भाकर घेतली नाही.

बरं, गोड म्हणजे काय गोड? हरकती अर्ध्या, शब्द कुठले कुठं, श्वास मधेच तुटतो. पण दात काढून हसला की लोकांना सगळं माफ! गोवर्धनचा जीव तिथंच जळायचा. गळा घासून घासून आपण सूर लावायचा आणि यानं नुसती मान उडवली तरी शिट्ट्या?

त्या शनिवारी तर देवीदासशेठनं कहरच केला. कीबोर्ड लावणं चालू असतानाच शेजारी येऊन उभा राहिला. "भाऊ, पुढच्या महिन्यात फाटकावर नवा बोर्ड लावून राह्यलो. फोटो एकाचाच. तोच समोर उभा राहून गाईन, दुसरा फक्त वाजवीन. आज पब्लिकच काय ते सांगीन."

म्हणजे काय, ते गोवर्धनला लगेच कळलं. पुढं कुंदन उभा राहणार आणि आपण मागच्या अंधारात बसून त्याच्यासाठी वाजवायचं. आपल्याला "गोवर्धनभाऊ" म्हणून हाक मारणारं कोणी राहणार नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. वर शेठ हसत हसत पाठीवर थाप मारून गेला.

संध्याकाळ भरली. कूलर घरघरत होते, टेबलं खच्चून भरलेली. सरकीवाले, ट्रॅक्टरच्या शोरूमची पोरं, विम्याचे एजंट, एका कोपऱ्यात कोणाचा तरी वाढदिवस. कुंदन चमकीचा शर्ट घालून पुढं आला आणि ओरडला, "काय म्हणून राह्यले अकोलेकर?" बस, एवढंच! तेवढ्यावर सगळा बार उठून उभा राहिला. पहिल्या गाण्याला टाळ्या, दुसऱ्याला नाच, तिसऱ्याला वेटरसुद्धा ट्रे डोक्यावर धरून ठेका धरायला लागला. तो जाड मिशांचा माणूस, जो इतकी वर्षं दर शनिवारी गोवर्धनकडं तेच ते जुनं गाणं मागायचा, तो खुर्चीवर चढून कुंदनसाठी रुमाल फिरवत होता. काय करावं अशा माणसाला? गोवर्धनला वाटलं, बेइमान सगळे!

आता एक गोष्ट सांगायला हवी. गोवर्धन कीबोर्ड आपला आपणच शिकला. त्याची बोटं फक्त पांढरी एक या पट्टीत चालतात, दुसरी पट्टी आली की अडखळतात. बारमध्ये आणि लग्नांत वाजवणारे कितीतरी असेच असतात. गायकाची पट्टी वेगळी निघाली तर ते कीबोर्डावरचं एक बटण दाबतात. बोटं जागच्या जागी राहतात, सूर मात्र वर किंवा खाली सरकतो. गोवर्धन आणि कुंदन दोघंही पांढरी एकमध्येच गायचे, त्यामुळं त्या बटणाला महिनोन्महिने कोणाचा हात लागायचा नाही.

त्या संध्याकाळी लागला. कुंदन पाठ फिरवून पाणी पीत होता, शेखर काठ्या पुसत होता, आणि गोवर्धननं ते बटण वरच्या बाजूला दाबलं. दोनदा. हळूच मिठाचा खडा टाकला आणि मान खाली घालून पुढच्या गाण्याचं म्युझिक सुरू केलं.

मुखडा निघून गेला. अंतऱ्यात सूर वर चढला, कुंदननं डोळे मिटून तान घेतली, आणि गळा फाटला. टर्रकन! नाचणारे जागीच थांबले. गोवर्धनच्या पोटात अशा गुदगुल्या झाल्या, की हसू दाबायला त्याला ओठ चावावा लागला. घे लेका, घे आता शिट्ट्या!

कुंदननं गळ्याला हात लावला, डोळे मोठे केले आणि ठो ठो हसला. "गेला भाऊ गेला! आता तुमीच सांभाळा!" असं म्हणून त्यानं माइक लोकांकडं धरला.

आणि लोकांनी सांभाळला की! सरकीवाले गायले, विम्यावाले गायले, वाढदिवसाच्या टेबलावरची म्हातारी केकचा सुरा हातात धरून गायली. कोणाचा सूर कुठं, कोणाचा कुठं, पण छप्पर उडायची वेळ आली. कडवं संपलं तसा "वन्समोर! वन्समोर!" असा गिल्ला झाला. पोराची फजिती करायला गेला, तर पोराची मिरवणूकच निघाली. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते गोवर्धनच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"आता आपले गोवर्धनभाऊ!" देवीदासशेठ माइकवर म्हणाला.

गोवर्धननं स्टँडवरचा माइक तोंडाशी ओढला आणि आपलं ठेवणीतलं गाणं काढलं, तेच ते मिशीवाल्याचं. सुरुवातीलाच गळा जड वाटला. रागानं सुकला असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. आज दाखवतोच म्हणून अंतऱ्याला जोर लावला, आणि जिथं कुंदनचा फाटला होता, तिथंच याचाही फाटला.

यानंही माइक काढून लोकांकडं धरला. आताच पाहिलं होतं ना, कसं करतात ते!

कोणी गायलं नाही. मिशीवाला खाली बसून शेंगदाणे खात होता. कुठंतरी चमचा पडला. एक पोरगा मायेनंच ओरडला, "काका, पाणी प्या!" आणि चार टेबलं हसली. माइक धरलेला हात मागं कसा घ्यावा, तेच गोवर्धनला कळेना.

तेवढ्यात कुंदन पाण्याची बाटली घेऊन आला. लोकांकडं पाठ करून उभा राहिला, बाटली कीबोर्डाच्या कडेला ठेवली, आणि त्याच हातानं बटण खालच्या बाजूला दोनदा दाबलं.

"काका, दोननं वर राह्यलं होतं," तो हळूच म्हणाला. "मंघाच्या गाण्यापासून."

मंघाच्या गाण्यापासून! म्हणजे पोराला ठाऊक होतं. गोवर्धनच्या तोंडचं पाणी पळालं. आता हा माइकवर सांगणार, आपली लाज काढणार. काढू दे. निदान भांडता तरी येईल!

कुंदन लोकांकडं वळला. "ओ अकोलेकर, काकाचा गळा नाई, मशीन बिघडली होती! माह्याही गळ्याची वाट तिनंच लावली! आता पाहा मजा!"

गोवर्धन पुन्हा गायला. चांगला गायला, सूर कुठं ढळला नाही. टाळ्याही पडल्या. पण त्या आपल्याला पडल्या की पोरानं मागितल्या म्हणून पडल्या, हे काही त्याला उमगेना. आजवर पोराच्या आवाजाचा हेवा होता, त्याच्या हसण्याचा होता. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून आता त्याच्या मनाच्या मोठेपणाचाही करावा लागणार होता. हे तर फार झालं!

देवीदासशेठ हात चोळत आला. त्यालाही तोंडावर सांगणं जड जात असावं. माइक गोवर्धनपुढं धरत म्हणाला, "भाऊ, बँड तुमचा. बोर्डावर कोण, ते तुमीच सांगून टाका."

सगळे बघत होते. गोवर्धनच्या मनात आलं, गाण्यात हरलो ते हरलो, पण मोठेपणात या पोट्ट्याला पुढं जाऊ द्यायचं नाही. एवढं तरी आपलं राहू द्या! त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि एका दमात म्हणाला, "बोर्डावर कुंदन. मी वाजवतो."

बार क्षणभर थक्क झाला. मिशीवाला शेंगदाणे टाकून उठला. टाळ्यांसाठी हात वर झाले, आणि गोवर्धननं मान थोडी ताठ केली.

तेवढ्यात कुंदन धावत आला आणि भर स्टेजवर त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

"वा रे पोट्टे, वा! काय संस्कार!" मिशीवाला ओरडला, आणि बार पुन्हा कुंदनच्या नावानं शिट्ट्या मारायला लागला.