मी एकाचा नऊ केला

जुनी प्लेट काढायला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि माझा हात तिथेच थांबला. माझ्याकडच्या नव्या प्लेटवर शेवटचे आकडे होते 4117. गाडीवरच्या जुन्या प्लेटवर 4197. बाकी सगळं तेच.

"पाटील, गाडी तुमचीच ना?"

"मंग कोनाची? धा वर्सं चालवतंय."

जनार्दन पाटील राहनाळचे, गोदामात हमाली करणारे. मी आरसी मागितली. आरसी म्हणजे गाडीचा जन्मदाखलाच. तिच्यावर 4117. चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर, तोही जुळला. म्हणजे गाडी चोरीची नव्हती. खोटी होती ती फक्त प्लेट.

दापोड्याच्या एका सेंटरवर मी एचएसआरपी बसवतो. सरकारने आता जुन्या गाड्यांनाही सक्तीची केलेली ती अॅल्युमिनियमची प्लेट. तिचं लॉक एकदा बसलं की फोडल्याशिवाय निघत नाही. आधी निजामपुऱ्यात माझं रेडियमचं दुकान होतं, नंबर कापून चिकटवायचं. नियम आला, दुकान बसलं. ज्या प्लेटने पोटावर पाय दिला, तीच बसवायच्या नोकरीला लागलो.

प्लेटवरचा चिखल पुसला. कोपऱ्यात बारीक अक्षरात दुकानाचं नाव निघालं, सम्यक रेडियम. सम्यक म्हणजे अचूक. दुकान माझंच.

"तुमीच तं बनवली," पाटील म्हणाले. "पोलीस मराठी आकड्यांच्या प्लेटी पकडत व्हते, तवा."

आठवलं. नंबर इंग्रजी आकड्यांतच हवा, हा नियम जुनाच, पण एकदम कारवाई सुरू झाली आणि दुकानापुढे रांग लागली. दिवसभर मी मराठी प्लेट बघून इंग्रजी आकडे कापत होतो. पाटलांची प्लेट होती ४११७. मराठी १ आणि इंग्रजी 9 शेजारी ठेवून बघा. मी मराठी शाळेत शिकलेला माणूस. पहिला १ बरोबर वाचला आणि दुसऱ्याचा 9 केला.

"तुमच्या कधी लक्षात नाही आलं?"

"गाडीवर बसल्यावर प्लेट दिसतंय का कोनाला?" मग छाती काढून म्हणाले, "पन एक सांगतो. रोज गोदामावरून आमी तिघं येतो, ट्रिपल सीट. एवढे कॅमेरे लागले, पन आजपावेतो एक चलान न्हाय!"

चलान प्लेटवरचा नंबर वाचून निघतं. पाटलांची चलानं 4197च्या मालकाला जात होती. आणि 4197ची मालकीण मला माहीत होती.

महिन्यापूर्वीच त्या आल्या होत्या. संगीता गायकवाड, नर्स. गाडी त्यांच्या नावावर, म्हणून चलानचे मेसेज त्यांच्याच मोबाइलवर. चालवायचा नवरा, मिलिंद. प्लेट बसवायला दीर गाडी घेऊन आला होता. बाईंनी मला मोबाइलवर चलानचा फोटो दाखवला. काळी गाडी, तिघे जण, पाठमोरे.

"हे आमचे मिस्टर. दारू सोडली, ते दोन दोस्तही सोडले म्हणाले होते. मला सांगायचे, ड्युटीवर होतो. आता आठ महिने झाले, पडघ्याला आईकडे राहतात. मीच जा म्हटलं."

मला मस्करीची खोड. "ताई, या प्लेटसारखं लॉक नवऱ्यालाही मिळायला हवं," मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत.

आता पाटलांच्या प्लेटकडे बघताना तो फोटो आठवला. मागून सगळे पुरुष सारखेच दिसतात. तसल्या काळ्या गाड्या भिवंडीत पैशाला पासरी. फरक फक्त नंबराचा, आणि तोच मी पुसला होता.

जुनी प्लेट लगेच कापून टाकायची, असा सेंटरचा नियम. सुपरवायझर तौफिकला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही, पण समोर वीस गाड्या उभ्या होत्या.

"काट डालो, राजूभाई. नयी प्लेट सही है ना? किसको पता चलेगा?"

कोणालाच कळलं नसतं. खोटं कशाला बोलू, कटर मी हातात घेतला होता. पण प्लेट कापली की मिलिंदच्या बाजूने बोलणारं जगात काही उरणार नव्हतं. कटर ठेवला आणि रजिस्टरमधून नंबर काढून बाईंना फोन लावला.

त्या युनिफॉर्मवरच आल्या. मोबाइलमधला फोटो प्लेटशेजारी धरला. वाकलेला कोपरासुद्धा तोच. त्या बाकावर बसल्या.

"आईची शपथ घ्यायला लावली होती मी त्यांना," त्या म्हणाल्या. "त्यांनी घेतली. तरी मी ऐकलं नाही."

पाटील हळूच म्हणाले, "म्हंजे आता चलान मनाच येनार?"

बाईंनी तिथूनच मिलिंदला फोन केला. तासाभरात तो पडघ्याहून गाडीवर आला. मी हात जोडून सगळं सांगितलं. त्याने प्लेट उलटसुलट करून बघितली.

"वाचताना चुकलं?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

बाई पुढे झाल्या. "माझं चुकलं हो."

"नंबर यांचा चुकला," मिलिंद म्हणाला. "तू तर मला चोवीस वर्षं वाचतेस."

बाईंनी मान खाली घातली. त्याने गाडी सुरू केली. त्या मागे बसायला आल्या, तर त्याने हाताने थांबवलं. "तू रिक्षाने ये. मी आपल्या घरीच जातोय." आणि एकटाच निघून गेला. बाई रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. मीच रिक्षा थांबवली.

चूक माझी, असं मी सहीनिशी लिहून दिलं, सोबत प्लेटचे फोटो लावले. तक्रार केल्यावर काही आठवड्यांनी चलानं रद्द झाली. बाकीचं रद्द करायची सोय कुठल्याही साइटवर नाही.

रेडियमचं काम बंद केल्याबद्दल मी सरकारला पुष्कळ शिव्या घातल्या होत्या. आता घालत नाही. प्लेट बसवण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून नंबर मोठ्याने वाचून घेतो, एकेक आकडा. लोक वैतागतात. वैतागू देत.