दाराला कुलूप

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहायचं धाडस करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. काल बसमध्ये आईने डबा उघडला आणि लसणाच्या चटणीच्या वासाने शहापुरातली एक जुनी सकाळ आठवली. घरातल्या विणायच्या मागावरचं सूत संपलं की नवं येईपर्यंतच आम्हाला सुट्टी मिळायची. तेवढ्यात वेंगुर्ल्याचा समुद्र बघून यायचं म्हणून आईने दशम्या बांधल्या होत्या. आम्ही निघणार, एवढ्यात सूत देणारे सावकार नवा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला मागाचा रूळ, घेऊन दारात उभे. “समुद्र बघाय साहेब लागून गेलाय व्हय? आत्ता चढवा, न्हायतर दुसऱ्याला देतो.” आप्पांनी, माझ्या वडिलांनी, नवा सदरा उतरवला. मी सूत कापायला कात्री घेऊन बीमकडे धावलो, तसा आईने हात धरला. “त्याचं न्हाय रं, आपलंच प्वाट कापशील.” दशम्या आम्ही मागाशेजारी खाल्ल्या. तेव्हापासून मी एकच मागणं मागत आलो, की या माणसाने कधीतरी बीम घेऊन यावं आणि आमच्या दाराला कुलूप असावं. आता आक्का, माझी मोठी बहीण, नोकरीला लागली आहे, एखादा बीम दुसऱ्याकडे गेला तरी चूल पेटते. काल वेंगुर्ल्याला आप्पा पँट दुमडून लाटांत उभे होते, तेव्हा शेजारच्या काकांचा फोन आला, “सावकार बीम घिऊन आलता. उन्हात लई वेळ थांबला. कुठं गेल्यात म्हणाला. मी म्हटलं, समुद्र बघाय.”