सासूबाईंच्या नावावर खपवलेला स्वयंपाक

मालनकाकूंचा उजवा हात मोडला तो कैरीच्या लोणच्यापायी. बरणी माळ्यावर, काकू स्टुलावर आणि स्टुलाचा एक पाय मुळातच लंगडा. धडाम आवाज आला म्हणून मी शेजारच्या दारातून धावत गेले, तर काकू लादीवर बसलेल्या आणि डाव्या हाताने बरणी पोटाशी धरलेली.

"बरणी वाचली गं, संचिता," त्या म्हणाल्या. "मनगटाचं काय ते बघ आता."

मनगटाला प्लास्टर बसलं. संध्याकाळी माजिवड्याहून त्यांचा मुलगा संदेश आणि सून रुचिता आले. रुचिता मोबाईलवर डबेवाली शोधूनच आलेली.

"आई, हात बरा होईपर्यंत डबा लावू. घरगुती आहे, तेलही कमी असतं."

"डबा कशाला? घरात एक धडधाकट माणूस दिवसभर पेपर वाचत बसलेला आहे की."

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. धाकूकाकांनीही पाहिलं. असा माणूस त्यांनाही दिसेना. मग लक्षात आलं आणि त्यांच्या तोंडासमोरचा पेपर हळूहळू खाली आला.

काका म्हणजे धाकू भुवड. मूळचे गुहागरकडचे, पण सगळी नोकरी इथे डोंबिवलीच्या एमआयडीसीत, बॉयलरवर. एवढा मोठा बॉयलर त्यांनी सांभाळला, पण घरातली शेगडी कधी पेटवली नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांची रोजची कामं दोन. खिडकीत उभं राहून आज हवेला कसला वास येतोय ते ओळखायचं, आणि काकू जे काही करतील त्याला "का?" म्हणून विचारायचं. मोहरी आधी का? हळद नंतर का? कणीक झाकून का ठेवायची, ती पळून जाणारेय का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोकावले तेव्हा काका ओट्याशी उभे होते आणि काकू दारात खुर्ची टाकून बसलेल्या. कुकर गॅसवर होता. शिट्टी व्हायच्या बेतात आली की काका झडप घालून गॅस बारीक करत होते.

"अहो, शिट्टी होऊ द्या ना!"

"शिट्टी म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. तो वाजला म्हणजे ऑपरेटर झोपला होता. माझ्या ड्युटीत एकदाही वाजला नाही."

त्या दिवशी डाळ दाताखाली कुरकुरली. काकूंनी निमूटपणे खाल्ली, पण दुपारी माझ्याकडे येऊन बसल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. काकूंचे डोळे असे चमकले की बिल्डिंगमध्ये कुणाचं तरी काहीतरी होतं, हा अनुभव होता.

"ह्यांना माझं काही पटायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण आईचं पटतं. आई म्हणजे देव. तिच्या फोटोला विचारल्याशिवाय माणूस केस कापून येत नाही. तेव्हा आता सासूबाईंनाच कामाला लावते."

"त्या चांगला स्वयंपाक करायच्या?"

"मीठ टाकलंय की नाही तेसुद्धा आठवायचं नाही त्यांना. सासरे बिचारे खिशात मिठाची पुडी घेऊन जेवायला बसायचे. पण आता त्या गेल्या, फोटोत बसल्या. आता त्यांना सगळं येतं."

सुरुवात डाळीपासूनच झाली. मी वाटी परत करायच्या निमित्ताने मुद्दाम गेले होते.

"तुमची आई म्हणायची," काकू खुर्चीतून सहज म्हणाल्या, "डाळीत शिजतानाच चिमूटभर हळद, हिंग आणि तेलाचा थेंब टाकावा. उतू जात नाही. आणि शिट्ट्या होऊ द्याव्यात पोटभर."

काका थबकले. "आई म्हणायची?" मग कपाळाला आठ्या पडल्या. "पण गावी आईकडे कुकर कुठे होता?"

माझा श्वास अडकला. काकूंचा नाही.

"इथे आल्या होत्या ना संदेशच्या बारशाला, तेव्हा बघितला. म्हणाल्या, 'मालन, ह्या भांड्याला गाऊ दे गं, अडवू नकोस.'"

काकांनी कुकरकडे असं पाहिलं की जणू आई आत बसलीय. शिट्ट्या झाल्या. डाळ लोण्यासारखी शिजली. काकांनी फोटोपुढे उदबत्ती लावली.

तिथून पुढे सासूबाईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. दूध तापवायच्या पातेल्यात आधी पाण्याचा हबका मारायचा, म्हणजे तळाला लागत नाही. हे खरंच होतं. पण काका दूध ठेवून पेपर वाचायला जात आणि दूध ओट्यावर फिरायला निघे. म्हणून सासूबाई असंही म्हणून गेल्या होत्या की दुधाला एकटं सोडलं तर ते रुसतं, त्याच्याशी चार शब्द बोलत उभं राहावं. रोज सकाळी काकांचा आवाज जिन्यात ऐकू यायचा. "काय, आज उशीर? काल गाडी लेट होती का दुधाची?" बोलायला उभे राहत, त्यामुळे दूध उतू जाईना. काकांचा आईवरचा विश्वास पातेल्यागणिक वाढत गेला.

भात शिजून गॅस बंद केला की झाकण उघडायचं नाही, आत वाफ देवाला हात जोडत असते. काका तोवर बाहेर येऊन बसत, आणि भात मोकळा व्हायचा. कुळथाचं पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, मगच फोडणीच्या पाण्यात सोडायचं आणि ढवळत राहायचं. ढवळताना घरात वाद घातला तर पिठीत गाठी होतात. आणि कांदा चिरताना तोंडात पाण्याचा घोट धरायचा, म्हणजे डोळ्यांत पाणी येत नाही.

हा शेवटचा सल्ला ऐकून मी काकूंकडे बघितलं. काका ओट्याशी गाल फुगवून कांदा चिरत होते. काहीतरी विचारायचं होतं, भुवया वर जात होत्या, पण तोंड उघडता येत नव्हतं.

"किती शांत वाटतं ना?" काकू मला म्हणाल्या.

तांदळाच्या भाकरीने मात्र सासूबाईंचीही परीक्षा घेतली. काकांची पहिली भाकरी तव्यावर पडली ती तीन तुकड्यांत. दुसरी तव्याला चिकटून बसली, ती सुरीने सोडवावी लागली. काकूंनी धीर सोडला नाही. पाण्याला उकळी आणून त्यात पीठ घालायचं, झाकायचं, आणि गरम आहे तोवरच पाण्याचा हात लावून मळायचं. चटका बसला तर आईचं नाव घ्यायचं. काकांनी आईचं नाव इतक्यांदा घेतलं की खालच्या मजल्यावरची शिवानी विचारायला आली, कुणाला बरं नाहीये का. पण हळूहळू भाकरी गोल झाली, मग पातळ झाली, आणि एका दुपारी तव्यावर टम्म फुगली. काका कालथा हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहिले. ती भाकरी त्यांनी आधी फोटोपुढे ठेवली. काकूंना नंतरची मिळाली.

आणि एका रविवारी टिटवाळ्याहून भागाक्का आल्या.

भागाक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. वय बरंच, कान तिखट आणि जीभ त्याहून. भावजयीचा हात बघायला म्हणून आलेल्या. मीही तिथेच होते. काका आत चहा ठेवत होते आणि दुधाशी नेहमीच्या गप्पा चालल्या होत्या.

"धाकू, कोणाशी बोलतोस रे?" भागाक्कांनी हाक मारली.

"दुधाशी, आक्का! आई म्हणायची ना, दुधाला एकटं सोडू नये!"

भागाक्कांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पंख्याकडे बघितलं.

"आई?" भागाक्का म्हणाल्या. "आईनं कधी दूध तापवलंन? आपल्या घरात दूध होतं कुठं? म्हशीचं सगळं डेअरीला जायचं. चहासुद्धा कोरा प्यायचो. आणि ती कुणाशी बोलणार, चुलीवर काय ठेवलंय तेच तिच्या ध्यानात नसायचं!"

आत आवाज बंद झाला. काका चहा घेऊन बाहेर आले. त्यांनी आधी आक्कांना कप दिला, मग मला, मग काकूंना. काकूंना देताना क्षणभर जास्त थांबले.

"आता फुटणार गं," काकू दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या. "बॉयलर आहे तो." पण काका फुटले नाहीत. रोजच्यासारखे स्वयंपाक करत राहिले. ताटात आमटी वाढताना नुसते काकूंकडे बघून गोड हसायचे. त्या हसण्याने काकूंना घास उतरेना.

प्लास्टर काढायचा दिवस आला. हात उघडा पडल्यावर तो बारीक, सुरकुतलेला हात बघून काकूंना गरगरलं आणि त्या बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. काका आत डॉक्टरांशी बोलत राहिले. बाहेर आले ते चेहरा लांब करून.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, प्लास्टर निघालं म्हणजे हाड जुळलं असं नाही. ओट्याजवळ जायचं नाही. गॅसची धग नव्या हाडाला वाईट."

काकूंना सासूबाई चालत नव्हत्या, पण डॉक्टर म्हणजे वेद. त्यांनी ओट्याच्या दिशेला जाणं सोडलं. मग डॉक्टरांचं आणखी एकेक आठवायला लागलं. डॉक्टर म्हणाले, जेवताना "मीठ कमी आहे" म्हणायचं नाही, प्रेशर वाढतं. डॉक्टर म्हणाले, दाराशी खुर्ची टाकून बसल्याने मानेच्या शिरा आखडतात, खुर्ची हॉलमध्ये हवी. डॉक्टर म्हणाले, दुपारी झोप. काकू सगळं पाळत होत्या. मला शंका येत होती, पण नवरा-बायकोच्या आमटीत आपला डाव कशाला बुडवा?

पुढच्या तपासणीच्या दिवशी काका पापलेट आणायला बाजारात गेलेले, म्हणून काकूंबरोबर मी गेले. डॉक्टरांनी मनगट वळवून बघितलं.

"काकू, हात आखडलाय. तुम्ही कणीक मळत नाही का?"

"मी?" काकू म्हणाल्या. "तुम्हीच नको म्हणालात ना! धग लागते नव्या हाडाला!"

डॉक्टर तरुण होता. त्याने चष्मा काढला, परत घातला. "मी काकांना सांगितलं होतं, कणीक मळू दे, भांडी हलवू दे, जितकं स्वयंपाकघरात वावरतील तितकं चांगलं. ते म्हणाले, बरं बरं."

काकूंनी मान खाली घातली. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. इतक्या की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावून बघायला लागले. रिक्षात बसल्यावरही थांबेनात.

"मला फसवलंन गं! डॉक्टरांच्या नावावर!" त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "आणि कशासाठी, तर ओटा सोडायचा नाही म्हणून!"

"मग आता? जाऊन विचारणार?"

रिक्षा मानपाडा रोडच्या गर्दीत अडकली होती. काकू बाहेर बघत राहिल्या.

"लग्न झाल्यापासून मी तव्यावरची पहिली भाकरी खाल्ली नव्हती, संचिता. पहिली सासऱ्यांना, मग ह्यांना, मग संदेशला. माझ्या वाट्याला येईस्तोवर ती पापड व्हायची. आता बसल्या जागी गरम येते. मी कशाला बोलू?"

घरात शिरलो तेव्हा काका पापलेटला हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ लावत होते.

"काय म्हणाले डॉक्टर?" पाठ वळवूनच विचारलं त्यांनी. कान मात्र आमच्याकडे होते.

"म्हणाले," काकूंनी सुस्कारा सोडला, "अजून थोडे दिवस."

काकांची पाठ सैल झाली.

पण हात तर सुटायला हवा होता. म्हणून काकू दुपारी, काका आडवे झाले की, चपला हातात घेऊन माझ्या घरी यायच्या आणि माझी कणीक मळायच्या. मीठ, तेलाचा हात, कोमट पाणी, आणि मग अशी मळायच्या की परात ओट्यावरून सरकायची. झाकून ठेवायच्या, तोवर आम्ही चहा प्यायचो. माझा नवरा सर्वेश पोळी तोडून बघायचा आणि म्हणायचा, "तुझा हात बसला हं आता." मी विनयाने मान खाली घालायचे. आता आपणही खोट्यात सामील आहोत, याचं वाईट वाटायला हवं होतं. पोळ्या फार मऊ व्हायच्या, त्यामुळे वाटलं नाही.

असे बरेच दिवस गेले. काकूंचं मनगट पूर्ववत झालं. एका सकाळी मी कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं तर काका जिन्यात उभे. हातात झाकलेला डबा.

"कुळथाची पिठी आहे. गाठी नाहीत, बघून घे." मग आवाज उतरवला. "आणि तिला सांग, कणीक मळताना सगळा जोर मनगटावर नको. तळहाताची टाच वापर म्हणावं. डॉक्टरांनी मला फोनवर नीट समजावलंय."

मी बादली खाली ठेवली. "काका, तुम्हाला माहितीये?"

"भिंत एक आहे तुमची-आमची. परात सरकते ती मला ऐकू येते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ओटा गेला असता की गं हातचा." त्यांनी घराकडे नजर टाकली. "आणि ती बसून गरम जेवते ते बघायला बरं वाटतं. मला कळलंय हे तिला सांगू नकोस मात्र."

काकूंनाही मी सांगितलं नाही, काकांनाही नाही. दोघांनाही दुसऱ्याचं खोटं माहीत आहे आणि माझी कणीक फुकट मळून होते आहे. परवा संदेश-रुचिता जेवायला आलेले. रुचितानं भाकरीचा तुकडा मोडून विचारलं, "बाबा, एवढी मऊ कशी होते हो? काय करता?"

काका भाकरी थापता थापता थांबले. काकूंकडे बघितलं. काकूंनी पापलेटाचा काटा बाजूला काढला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "सांगा ना सुनेला. तुमच्या आईचं काय म्हणणं होतं ते."