गोपनीय नोटीस, चार प्रतींत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, चहा यायच्या आत. कारण हे सांगताना मला तुमच्या तोंडाकडे बघवणार नाही. अहो, इतकी वर्षं झाली, पण अजूनही एसटी गडबला थांबली की मी उगाच वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसतो.

मी पेणच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. राहायला रोह्याजवळ वरसे गावात. रोज एसटीने नागोठणं, गडब करत पेण गाठायचं. एके वर्षी विद्यापीठाचं परिपत्रक आलं, प्रत्येक कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन कक्ष हवा. मुलांना काही अडचण असेल, मनात काही सलत असेल, तर त्यांनी तिथे येऊन बोलायचं. कक्षाला प्रमुख कोण नेमायचा, हे ठरवायच्या मीटिंगला मी एकटाच गैरहजर होतो. झालं! दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर मी प्रमुख.

मग एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. तिथल्या बाईंनी दिवसभर एकच गोष्ट डोक्यात बसवली, गोपनीयता. मुलं जे सांगतील ते भिंतीलाही कळता कामा नये. मला ते इतकं आवडलं म्हणून सांगू! घरी आल्यावर बायकोने सहज विचारलं, काय शिकवलं आज? मी गंभीर चेहरा करून म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. तिने पुन्हा विचारलंही नाही.

कक्षाला खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची. दारावर पाटी लागली. चार महिने चिटपाखरू फिरकलं नाही. एक मुलगा आला तेवढा, तो व्हॉलीबॉल न्यायला.

आणि मग एका सकाळी दाराखालून सरकवलेली चिठ्ठी सापडली. "सर, मला तुमच्याशी एकटीने बोलायचं आहे. कृपया कोणाला कळू देऊ नका." खाली नाव, वनिता. कॉमर्सचं पहिलं वर्ष, माझ्याच वर्गातली. गडबची पोर, घरी भातशेती. त्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच मुलगी. तिला वडिलांनी पाठवलं होतं ते एका अटीवर, पोरीचं नाव कोणाच्या तोंडी आलं तर कॉलेज बंद. हे मला माहीत होतं बरं का! तिने प्रवेश घेतला तेव्हा वडील माझ्यासमोरच तसं बोलले होते.

तुम्ही काय केलं असतंत? तास संपल्यावर हळूच म्हणाला असतात, ये गो उद्या. कोणीही शहाणा माणूस हेच करेल. पण आमच्याकडे विद्यार्थ्याला बोलवायचं म्हणजे नोटीस काढायची, ही रीत. नोटिशीशिवाय कॉलेजात पान हलायचं नाही. मी नोटीस काढली. नमुना घेतला तो हजेरी कमी भरलेल्या मुलांचा, कारण तोच हाताशी होता. कु. वनिता हिने उद्या सकाळी अकरा वाजता समुपदेशन कक्षात हजर राहावे, विषय खाजगी. आणि वर ठसठशीत अक्षरांत "गोपनीय". लाल शाईने. खाली दोन रेघा मारल्या, शिक्का हाणला आणि स्वतःवर खूश झालो.

शिपाई दत्तूभाऊंनी ती झाडून सगळ्या वर्गांत फिरवली. प्रत्येक वर्गात शिकवणाऱ्याने ती खड्या आवाजात वाचली, "गोपनीय" सकट. दुसरी प्रत बोर्डावर लागली. तिसरी फायलीत गेली. आणि चौथी? हजेरीच्या नमुन्याखाली छापलेलंच असतं ना, प्रत माहितीसाठी, पालक. दत्तूभाऊ राहायला नागोठण्याला. घरी जाता जाता गडबला उतरले आणि चौथी प्रत वडिलांच्या हातात ठेवून गेले. वर बजावलंही म्हणे, नीट ठेवा, गोपनीय हाय.

दुसऱ्या दिवशी मी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, पाण्याचा पेला भरून ठेवला. अकराला दार उघडलं. आत कोण? वनिताचे वडील, तिचे थोरले काका आणि आत्या. वनिता नाहीच.

वडील उभ्यानेच बोलले. "पोरीनं काय केलंय ता सांगा सर. मी आयकायला तयार हाय."

आता खरं काय होतं? मला काडीचंही माहीत नव्हतं. पोर माझ्याशी अजून चकार शब्द बोलली नव्हती. तेवढंच सांगायचं, विषय संपला असता. पण समुपदेशन कक्षाचा प्रमुख "मला माहीत नाही" म्हणेल? मी डोळे मिटून मान हलवली आणि म्हणालो, ते मी सांगू शकत नाही.

काका म्हणाले, निदान गंभीर हाय का नाय तेवढं तरी सांगा. मी म्हटलं, त्यावरही मला बोलता येणार नाही. मी जितकं बोलायचं टाळलं तितके ते तिघं पांढरे पडत गेले, आणि मला मूर्खाला वाटलं, बघा, कशी छान गोपनीयता पाळतोय!

शेवटी आत्याने डोळ्याला पदर लावला. "पोराचं नाव तरी सांगा."

आणि मी म्हणालो, "नावं उघड करता येत नाहीत."

हो, असंच म्हणालो. पाय धरतो, नका हसू. वडिलांनी खिशातली ती नोटीस काढून माझ्या टेबलावर ठेवली. "उद्यापास्ना ती नाय येणार," एवढंच बोलले आणि निघून गेले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका पोरीचं शिक्षण मी माझ्या तोऱ्यापायी बुडवलं होतं. घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, उद्या जा आणि त्यांना खरं सांगा. माझी लाज बाजूला ठेवायला मला ती रात्र लागली.

सकाळी गडबला उतरलो. ओटीवर वनिता वालाच्या शेंगा सोलत होती, रडून डोळे सुजलेले. वडील, काका, आत्या, शिवाय शेजारची चारपाच माणसं बसलेली. मी उभ्या उभ्या हात जोडले. म्हटलं, मला काहीही माहीत नाही. ती माझ्याशी अजून बोललेलीच नाही. तिने फक्त भेटायचं म्हणून चिठ्ठी टाकली होती.

"मंग काल का नाय सांगलंत?" वडिलांनी विचारलं.

"लाज वाटली," मी म्हणालो.

वडील मग पोरीकडे वळले. "काय बोलायचं व्हतं गो तुला? सांग आता सगल्यांसमोर."

वनिता खाली मान घालून शेंगा चिवडत राहिली. आत्याने दोनदा ढोसलं तेव्हा बोलली. "सर इंग्रजीतून भराभर सांगतात. आमच्या वर्गात कोणालाच कायच कलत नाय. एकदा मराठीत सांगाल काय, एवढंच इचारायचं व्हतं."

काकांच्या मिशीखाली हसू फुटलं ते त्यांनी खोकून लपवलं.

"मंग त्यात चोरून काय इचारायचं?" वडील म्हणाले.

"वर्गात इचारलं असतं तर सरांना वाईट वाटलं असतं ना," ती म्हणाली. "म्हणून लिवलं, कोणाला कलू देऊ नका."

वडिलांनी तिला दुसऱ्या दिवसापासून पाठवलं, पदवी होईपर्यंत पाठवलं. मीही मराठीत शिकवायला लागलो. पण सांगा ना, अख्ख्या कॉलेजात माझी अब्रू झाकायला निघालेली ती एकटीच होती. ती अब्रू वेशीवर टांगली मीच, सहीशिक्क्यानिशी.