दुसऱ्या भागातली खोटी बहीण

मी धुळ्याच्या कोर्टात वकिली करते म्हटल्यावर लोकांना वाटतं, ही बाई घरीही कायद्याचीच पुस्तकं चाळत असेल. कसलं काय! मी मोबाइलवर कोर्टाचा गेम खेळते. साक्षीदाराला घेरायचं, खोटं पकडायचं, टेबलावर हात आपटून हरकत घ्यायची. खऱ्या कोर्टात तारखेवर तारीख पडते, मग हौस कुठेतरी भागवायलाच हवी.

गेमच्या पहिल्या भागावर माझा जीव होता. दुसरा भाग आला आणि तोंडाची चवच गेली. पुण्यात राहणारा माझा धाकटा भाऊही तोच खेळतो. एका दुपारी ऑफिसात कुणी नाही असं पाहून मी त्याला फोन लावला आणि सगळी भडास काढली. "गोष्टच लंगडी आहे रे. आणि ती बहीण! आधी भावासाठी जीव टाकायची, आता त्याच्याचविरुद्ध पिंजऱ्यात उभी. का, तर काही कारणच नाही. असल्या बाईवर कोण विश्वास ठेवील? हिच्या जिवावर केस उभीच राहत नाही."

दाराबाहेरच्या बाकड्यावर माझी पक्षकार येऊन बसली होती, हे मला ठाऊक नव्हतं. दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली, साठीला आलेली बाई. बापाच्या शेतात हिस्सा मिळावा म्हणून तिनं भावांवर दावा लावला होता. आमच्याकडे बहिणीनं हक्कसोडीवर मुकाट सही करायची आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मानानं माहेरी जायचं, अशी रीत. हिनं सही नाकारली, तेव्हापासून आखाजीला तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. तरी ती हटली नव्हती. त्या दुपारी मात्र मला न भेटताच निघून गेली.

आखाजीनंतर आली ती माहेरच्या सांजोऱ्यांचा डबा घेऊन. "दावा काढी ल्या ताई. मी हक्कसोडवर सही करी टाकी."

मी भडकलेच. "मला न विचारता?"

"तुम्हीच फोनवर बोलनात ना. बहीण खोटी शे, कोन इसवास ठेवी. मी बठ्ठं आयकं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय सांगणार होते? तरी सांगितलं. ते मोबाइलवरच्या खेळाबद्दल होतं, त्यातल्या एका बहिणीबद्दल. माझ्या वयाच्या बाईच्या तोंडून ते ऐकताना माझी मलाच लाज वाटत होती.

"मंग मन्ही केस?"

"चांगली होती." मान खाली घालूनच मी म्हटलं. सही झालेली, नोंदणीही झालेली.

वाटलं, आता ही मला शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ती बाईनी शेवटले काय करं?" तिनं विचारलं.

"साक्ष मागे घेतली. भावाच्या गळ्यात पडून रडली." गेममधली मला सगळ्यात न पटलेली जागा तीच होती, पण ते मी गिळलं.

तिनं डबा उघडून माझ्यापुढे सरकवला.

"मंग ती खोटी नै, ताई. तिले बी माहेर पाहिजे व्हई."