दुपट्यातला अर्ज

पेटीतलं बाळाचं दुपटं घडी करताना एका कोपऱ्यात कागदाचा कडक गोळा हाताला लागतो.

निजामाच्या राज्यात, खटकचिंचोळीत, ते मी अक्काच्या लेकीसाठी शिवलं. कागदी चौकोनांवर चिंध्या मुडपून जोडायच्या नि शेवटी कागद काढायचे. त्यासाठी कोनाड्यातला उर्दू कागद कापला. घरात उर्दू कुणालाच वाचता येत नव्हतं. तो निघाला अप्पांचा अर्ज, शेजाऱ्यानं अडवलेली विहिरीची वाट सोडवायचा!

अप्पा दुपटंच घेऊन मुन्शीकडे गेले, मागोमाग मी रडत. मुन्शीनं ते उलटं करून, शिवताना मागंपुढं झालेले चौकोन ओळीनं वाचले. “अप्पा, ह्यात तर तुमीच त्याची वाट अडवायलाव!”

नवा अर्ज लिहिला, वाट सुटली. शेजाऱ्याचं नाव कुठल्या चौकोनात आलंय, ते मात्र मी मुन्शीला विचारून घेतलं. तेवढा एक कागद काढलाच नाही. भाची त्यावर दोन वर्षं मनसोक्त मुतली.