मास्तरांचा सैल शर्ट

आमच्या ह्यांना अख्खा बाजार मास्तर म्हणतो. शाळेतले नव्हेत, शिलाईतले. ह्यांनी शिवलेल्या शर्टाच्या खांद्यावर सुरकुती दाखवा आणि शिलाई परत घेऊन जा, असा तोरा! आणि हाच माणूस दोन वर्षं स्वतः मात्र गोणपाट पांघरल्यासारखा ढगळ शर्ट घालून फिरत होता. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "मास्तर, कापड फुकट मिळालं की काय?" हे हसून घ्यायचे. मला ते हसणं बघवायचं नाही. शर्टाच्या आत काय आहे ते मला ठाऊक होतं ना.

आतड्याचा कॅन्सर. डॉक्टरांनी खराब तुकडा कापून काढला आणि पोटाला एका बाजूला तोंड करून दिलं. शौचाचं जे काही व्हायचं ते तिथून, पोटाला चिकटवलेल्या पिशवीत. पिशवी दिसू नये म्हणून शर्ट सैल, आणि पँटीला आतून मऊ कापडाचा खिसा, स्वतःच्या हातानं शिवलेला. इतका सुबक की बघत राहावं. पण दाखवणार कोणाला?

बाजारात सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन झालं. माझ्या सख्ख्या दिरालाही तेच. खरं माहीत फक्त तिघांना: ह्यांना, मला आणि परदेशात नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीला. मी चिडायचे. "अहो, चोरी केलीय का तुम्ही?" तर म्हणायचे, "अगं, माप घ्यायला लोक माझ्या अंगाला लागून उभे राहतात. त्यांना कळलं तर वास आला नाही तरी येईल." यावर काय बोलणार, कपाळ?

दुसऱ्याचं झाकायची तर ह्यांना जन्माची सवय. माप घेताना आकडे मोठ्यानं सांगायचे, मी मशीनवर बसून लिहून घ्यायचे. पण कोणाचा एक खांदा उतरलेला, कोणाच्या पाठीला बाक, हे तोंडानं कधी नाही. अशा वेळी टेपवर दोनदा बोट वाजवायचे. टक टक. म्हणजे इथे आतून काहीतरी शिवायचंय, आणि त्याबद्दल बोलायचं नाही. शाळेच्या हेडबाई आमच्याकडूनच कोट शिवून घ्यायच्या. लेकीला त्यांनी शाळेत शिकवलेलं. मोठ्या आजारपणातून उठून त्या पहिल्यांदा माप द्यायला आल्या तेव्हा बोट वाजलं होतं. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कोटाला डावीकडे अस्तराखाली एक मऊ गादी शिवलेली असे. नवराबायको असून आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नव्हतो.

मग लेकीचं लग्न ठरलं. तिकडेच, तिच्या ऑफिसातल्या मुलाशी. पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, माझा ड्रेस तुम्हीच शिवायचा. आणि इथे येऊन माझ्या अंगावर तुम्हीच बसवायचा. दुसऱ्या कोणाला मी टाचणी लावू देणार नाही." हे उठून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. कापड मात्र दुसऱ्याच दिवशी आणलं.

डॉक्टरांना विचारलं. यकृतावर आता डाग दिसत होते, त्याच्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टर म्हणाले, "यंदा जाऊन या, मास्तर. पुढच्या वर्षाचं मी काही बोलत नाही. पण प्रवासाचा विमा काढल्याशिवाय पाय उचलू नका. तिकडे दवाखान्यात चार रात्री काढाव्या लागल्या तर दुकान विकूनही पुरणार नाही."

म्हणजे लग्न त्या विम्यावर अडलं.

पहिल्याच कंपनीत ह्यांनी फोन लावला आणि चहा गार व्हायच्या आत विमा हातात! मला संशय आला. "त्यांनी आजाराचं विचारलं नाही?"

"विचारलं."

"मग?"

हे कात्रीला धार आहे का ते बघायला लागले. "पडद्यामागे गिऱ्हाईक कपडे बदलत होतं गं. काय सांगणार? म्हटलं, ठणठणीत आहे."

माझं डोकंच फिरलं. "अहो, मग हा विमा आहे की वाण्याची पुडी? तिकडे काही झालं तर ते पहिल्यांदा जुने कागद मागतील, आणि खोटं सापडलं की हात वर करतील! लेकीनं लग्नाच्या कपड्यात दवाखान्याची बिलं भरत बसायचं का?" हे लहान पोरासारखे खाली मान घालून उभे. शेवटी तो विमा मीच रद्द करायला लावला.

त्यानंतर नाकी नऊ आले. कॅन्सर म्हटलं की पलीकडचा आवाज एकदम गोड व्हायचा आणि फोन ठेवला जायचा. एक जण म्हणाला, सगळं देतो, फक्त त्या आजाराचं सोडून. मी म्हटलं, वा रे वा, छत्री द्यायची आणि पावसात उघडायची नाही! आणि ह्यांची तऱ्हा काय, तर प्रत्येक फोनवर एकच पालुपद: "माझ्या एका नातेवाइकासाठी विचारतोय." मी मशीन चालवता चालवता दात-ओठ खायचे.

तो दिवस मला विसरता येत नाही. शाळेच्या गणवेशाचे दिवस, एक आई मुलीला मापाला घेऊन आलेली. हे टेबलाशी, दाराकडे पाठ करून, फोनवर. पलीकडची पोरगी बहुतेक सांगत होती की असा विमा कोणीच देत नाही. सकाळपासून हे तेच ऐकत होते. टेबलावर लेकीचा ड्रेस नुसता टाके मारून पडलेला. आणि एकाएकी ह्यांचा बांध फुटला.

"देत नाहीत कसे? माझ्या नातेवाइकालाच नाही का? आमच्या शाळेच्या हेडबाईंनाही कॅन्सरच होता, एका बाजूचं अख्खं काढलंय त्यांचं! त्या गेल्या वर्षी मुलाकडे दोन महिने राहून आल्या! त्यांना दिला ना कोणीतरी?"

दारात हेडबाई उभ्या होत्या. नवा कोट न्यायला आल्या होत्या.

मला त्या आधीच दिसल्या होत्या. मी हात हलवला, मशीनवर थाप मारली, पण ह्यांची पाठ माझ्याकडेही होतीच. मुलीच्या आईनं आधी हेडबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग, मेलीला राहवलं नाही, छातीकडे. हेडबाईंनी पर्स उचलून छातीशी धरली. इतकी वर्षं शाळेसमोर ताठ उभी राहणारी बाई, आणि पर्स धरली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

हे वळले. फोन हातात तसाच बोलत राहिला.

"मास्तर, माझा कोट," हेडबाई म्हणाल्या.

ह्यांनी कोट दिला. घडीही न घालता. त्या गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग ती आई मुलीला ओढत गेली, माप अर्धं टाकून. दुसऱ्या दिवसापर्यंत शाळेच्या फाटकावर काय बोललं जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

हे स्टुलावर बसले. मी पाणी दिलं तर घेईनात. "स्वतःचं झाकायला मी बाईमाणसाचं उघडं केलं गं," म्हणाले. "आणि तेव्हाही नातेवाईकच म्हटलं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. ह्यांनी कपाटातून आजाराच्या आधीचा शर्ट काढला, नीट मापाचा, आणि तो घातला. पोटावर पिशवीचा फुगवटा स्पष्ट दिसत होता. म्हणाले, "चल." मी विचारलं नाही कुठे.

हेडबाईंच्या खोलीत शाळेचा क्लार्क सह्या घेत होता. बाईंनी त्याला बाहेर पाठवलं नाही. मला वाटतं, मुद्दामच. हे उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, तो नातेवाईक मी. हर्निया नव्हता, आतड्याचा कॅन्सर आहे." आणि खालची दोन बटणं काढून शर्ट वर केला. सुईत दोरा एका झटक्यात ओवणारा माणूस, त्याला स्वतःची बटणं निघता निघत नव्हती. क्लार्कनं मान फिरवली. बाईंनी फिरवली नाही. पिशवी पाहिली, पँटीचा तो शिवलेला खिसाही पाहिला.

"झाका, मास्तर," त्या म्हणाल्या. "टाका चांगला आहे."

त्यांनी एका कंपनीचा नंबर लिहून दिला. आजारी माणसांचाच विमा काढतात म्हणाल्या, सगळं विचारतात आणि सगळं सांगावं लागतं. डॉक्टरांची प्रवासाला हरकत नसल्याची चिठ्ठी हवी. गोळ्या नुकत्याच बदलल्या असतील तर तेही लपवायचं नाही. मग उठून उभ्या राहिल्या. "हे मी तुमच्यासाठी करत नाही. तुमची लेक माझी विद्यार्थिनी, म्हणून." हे नमस्कार करायला लागले तर त्या खिडकीकडे वळल्या.

डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यावर फोन ह्यांनी दुकानातूनच केला, भर गर्दीत. पडद्यामागे गेले नाहीत. "हो, पिशवी आहे. हो, कायमची. डाग यकृतावर. नाही, अजून बरा नाही, आणि होणारही नाही." गिऱ्हाइकं थिजून ऐकत होती. काज-बटणं करता करता माझी सुई बोटात गेली. प्रत्येक उत्तरागणिक ह्यांचं तोंड लाल होत होतं, पण आवाज खाली आला नाही. विमा मिळाला, आजारासकट. हप्ता जड होता, दुकानासाठी नवं मशीन घ्यायचं राहिलं. राहू दे. काही गिऱ्हाइकं त्यानंतर आली नाहीत. एकानं तर अर्धवट शिवलेली पँटही नेली.

आम्ही गेलो. ह्यांनी लेकीच्या अंगावर ड्रेस बसवला, गुडघ्यावर बसून खालची घडी टाचली, आणि जावयानं शेजारी उभं राहून टाचण्यांची डबी धरली. विम्याचा उपयोग करायची वेळ आली नाही. लेक विमानतळावर रडली. हे म्हणाले, "रडू नको, ड्रेसला डाग पडतील." तेव्हा तिच्या अंगावर साधा शर्ट होता. आम्ही तिघंही हसलो, आणि मग मीही रडले.

परत आल्यावर लेकीनं दिलेली शाल घेऊन मी हेडबाईंच्या घरी गेले. त्यांनी घेतली, आभार मानले, बसा म्हणाल्या नाहीत.

परवा त्या दुकानावरून गेल्या. अंगात तयार घेतलेला कोट. डावी बाजू आत बसलेली, चालताना कापड तिथे दुमडत होतं. लांबून कोणालाही दिसावं असं. ह्यांनी पाहिलं आणि टेप गळ्यात तसाच ठेवून दारापर्यंत गेले. पायरी काही उतरले नाहीत. हाक मारायचा हक्क कुठे उरला होता?

त्या वळून दिसेनाशा होईपर्यंत हे उभे राहिले. मग त्यांचं बोट टेपवर दोनदा वाजलं. टक टक. मी सवयीनं पेन उचललं, आणि ठेवून दिलं.